काळ्या मातीवर दारातलं डांबर

सांगलीत विश्रामबागेत आमच्या फाटकापासून पोर्चपर्यंत चाळीस फूट वाट आहे. तिचं डांबर दोनदा करावं लागलं. पहिल्यांदा ठेकेदारानं काळ्या मातीवरच खडी पसरली. एका पावसाळ्यात मधोमध खड्डा आणि कडेला भेगा. सांगलीची ही माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते. वर कितीही चांगला माल टाका, खालून ती हलणारच.

म्हणून खोदाईच्या दिवशी घरी थांबा. फूटभर माती निघाली का बघा. मग मुरूम थराथरानं, पाणी मारून, रोलरखाली. त्यावर खडी. यात तीन-चार दिवस जातात आणि बाहेरून काही झाल्यासारखं दिसत नाही, शेजारी विचारतातच, "काम थांबलं का हो?" उतार गटाराकडे, दहा फुटाला अडीच इंच. मी बादलीभर पाणी ओतून पाहिलं, तर ते निघालं बंगल्याकडे! मुकादम हसला, पण दुरुस्त केलं.

डांबराचं काम मात्र दोन-तीन तासांत उरकतं. डांबर आणि खडी गरम करून मिसळतात त्या प्लांटवरून माल 150 अंशांच्या आसपास निघतो; 90 च्या खाली गेला की रोलर फिरवून फारसा उपयोग नाही. ताडपत्री नसलेला डंपर परत पाठवा. दोन इंच ठरले असतील तर पसरताना अडीच हवेत, दाबल्यावर दोनच उरतात.

गाडी तीन दिवस बाहेर. पहिला उन्हाळाभर स्कूटरचा स्टँड फरशीच्या तुकड्यावर लावा, आणि पेट्रोल सांडलं तर लगेच पुसा, त्यानं डांबर विरघळतं.