जुना ट्रॅक्टर उभा करताना: दुकानात मॉडेल सांगू नका, माप सांगा

एचएमटी या सरकारी कंपनीचे ट्रॅक्टर १९७१ पासून चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या सहकार्याने हरियाणातल्या पिंजोरला बनत होते. २०१६ मध्ये केंद्राने ते उत्पादन बंद करायचं ठरवलं. आता कोकणात कुडाळला किंवा चिपळूणला दुकानात जाऊन "झेटरचा ऑइल सील द्या" (शाफ्टजवळून तेल गळू न देणारी रबरी कडी) म्हटलं की दुकानदार मान हलवतो. तोच जुना सील रॉकेलने पुसा आणि त्यावरचे तीन आकडे वाचून दाखवा. समजा ४५-६२-१० असेल, तर शाफ्ट ४५ मिमी, बाहेरचा व्यास ६२, जाडी १०. या मापाचा सील कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतो. बेअरिंगचंही तसंच. ६२०६ म्हणजे ३० × ६२ × १६, मग ते पंपात असो की ट्रॅक्टरात.

इंजिनाचे पार्टही ट्रॅक्टरच्या नावाने मागू नका, इंजिनाच्या नावाने मागा. मॅसी फर्ग्युसन १०३५ ट्रॅक्टरचं तीन सिलिंडरचं इंजिन पर्किन्स या ब्रिटिश कंपनीच्या डिझाइनचं, चेन्नईच्या सिम्पसनने बनवलेलं. इंजिनाची पाटी वाचता येत नसेल तर वायर ब्रश मारून वाचा, फोटो काढा आणि मगच बाजारात जा.

पैसे घालण्याआधी जे सहज मिळत नाही ते तपासा: ब्लॉक, गिअरबॉक्सची बॉडी, क्राउन-पिनियन (मागच्या चाकांकडे ताकद वळवणारी दातेरी जोडी). गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी गिअरबॉक्सचा ड्रेन प्लग अगदी हळू सैल करा. पाणी तेलाखाली बसतं, म्हणून आधी पाणी येईल. चिखलणीला वापरलेल्या गाडीत ते असणारच, नुसत्या पाण्याला घाबरू नका. पाण्याबरोबर दातांचे तुकडे आले तर मात्र विचार बदला. क्राउन आणि पिनियन जोडीनेच बदलावे लागतात, एकटा पिनियन घालून काम भागत नाही. ब्लॉकमध्ये खाडीकाठच्या विहिरीचं मचूळ पाणी वर्षानुवर्षं फिरलेलं असेल तर हेड उतरवून पाण्याच्या भोकांच्या कडा बघा. कड खाऊन गॅस्केटच्या रिंगखाली गेली असेल, तर नवं गॅस्केट कितीही चांगलं आणा, ते टिकणार नाही.

इंजिन जाम असेल तर गाडी ओढून चालू करायचा प्रयत्न कोणी सुचवेल, पण ऐकू नका. कनेक्टिंग रॉड वाकतो. जाम होण्याचं इथलं नेहमीचं कारण म्हणजे उघडा सायलेन्सर: पाऊस थेट एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर पडतो आणि जो व्हॉल्व्ह उघडा राहिला, त्याच सिलिंडरमध्ये पाणी उतरतं. आधी टॅपेट कव्हर (हेडवरचं झाकण) काढून रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारे दांडे, हलतात का बघा. मग नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये निम्मं डिझेल निम्मं इंजिन ऑइल, साधारण ५० मिली, ओता आणि चार-पाच दिवस थांबा. वरचा गिअर टाकून मागचं चाक पुढे-मागे डोलवा. इंजिन बोटभर हललं की जिंकलात, पण घाई नको, रोज थोडं थोडं. सुटल्यावर नोझलच्या भोकांवर फडकं धरून फिरवा, नाहीतर सगळं ओतलेलं तेल तोंडावर येतं. संपमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत, डिझेल उतरलेलं असतं, ते ऑइल टाकूनच द्या.

बोअरिंगला (सिलिंडर आतून कापून मोठा करायला) ब्लॉक देण्याआधी पिस्टन हातात हवेत. ०.५० मिमी ओव्हरसाइज काढून ठेवलं आणि त्या मापाचे पिस्टनच मिळाले नाहीत, म्हणजे मोठा घोळ. पिस्टनची रिंग सिलिंडरमध्ये घालून उलट्या पिस्टनने सरळ खाली ढकला आणि फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तिच्या टोकांमधली गॅप मोजा. १०० मिमी बोअरला ०.३ ते ०.४ मिमी हा ढोबळ हिशेब. कमी असेल तर कानशीने हलकं घासा, कारण गरम झाल्यावर टोकं भिडली की रिंग मोडते. हेड गॅस्केट विकतच घ्यायचं. संप आणि टॅपेट कव्हरचं कॉर्क शीटमधून घरी कापता येतं. नोझलखालचा तांब्याचा वॉशर मिळत नसेल तर जुनाच गॅसवर लालभडक करून पाण्यात टाका. तांबं मऊ होतं आणि पुन्हा बसतं.

पुढच्या एक्सलचे, किंगपिनचे (पुढचं चाक ज्यावर वळतं तो खिळा) बुश लेथवर गनमेटलचे करून घेता येतात. बुश ठोकून बसला की आतून आवळतो, म्हणून टर्नरला आतलं माप थोडं कमीच ठेवायला सांगा आणि बसवल्यावर रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार) मारून घ्या. शाफ्टला सीलच्या जागी खाच पडली असेल तर शाफ्ट बदलायची गरज नाही. जागा असेल तिथे नवा सील २ मिमी आत किंवा बाहेर बसवा, ओठ कोऱ्या जागेवर टेकला की गळती थांबते. मोठं काम निघालं तर घाट चढून कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर गाठा. क्लच प्लेट आणि ब्रेक शूचे लायनर मात्र इथेच कुणी ना कुणी रिवेट मारून देतो.

जुन्या ब्रिटिश डिझाइनच्या गाडीत इंची आटे असतात. ५/१६ चा बोल्ट आणि ८ मिमीचा बोल्ट डोळ्याला सारखेच दिसतात. चुकीचा बोल्ट दोन आटे गोडीने जातो, मग अडतो. तिथे पाना लावलात की भोक गेलं. आट्यांचा गेज स्वस्त असतो, तो घ्याच. खाऱ्या हवेसाठी मडगार्ड-बॉनेटला स्टेनलेसचे बोल्ट लावा, पण हेडला आणि कनेक्टिंग रॉडला मूळ ताकदीचेच.

डिझेल पंप घरी उघडू नका. बंदरावर ट्रॉलरची इंजिनं असतात, तिथे पंप-नोझलवाला हमखास सापडतो. टाकीतला गंज काढल्याशिवाय दुरुस्त केलेला पंप बसवलात तर तो आठवड्यात पुन्हा जाईल. बॅटरी जोडताना अर्थिंग पॉझिटिव्ह आहे की निगेटिव्ह, म्हणजे बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला जोडलंय, हे आधी पाहा. जुन्या डायनामोच्या गाड्यांत ते उलटं सापडतं.

पहिल्यांदा चालू करताना एअर क्लीनरचा होस काढा आणि एक सपाट फळी हाताशी ठेवा. पंपाचा रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) अडकला तर इंजिन सुसाट सुटतं आणि स्टॉप ओढूनही थांबत नाही. तेव्हा हवेच्या तोंडावर फळी दाबायची, हात नाही. ऑइलचं प्रेशर १०-१५ सेकंदांत आलं नाही तर बंद करा. प्रेशर आलं, इंजिन गरम झालं की नुसतं मंद चालवत बसू नका, हलकं काम द्या. नाहीतर रिंगा बसत नाहीत आणि गाडी ऑइल पिते. पन्नास तासांनी ऑइल बदला. एअर क्लीनरमधलं ऑइल खुणेइतकंच भरा, जास्त भरलं तर इंजिन ते ओढून घेतं. चिऱ्याच्या खाणीवर ट्रॉली ओढणार असाल तर त्यातलं तेल रोज बघा, लाल माती दिवसात गाळ करते.

लावणी झाली की पुढच्या हबमधलं ग्रीस काढून बघा. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, सगळं धुऊन नवं भरा. गाडी उभी करताना सायलेन्सरवर उलटा डबा आणि एअर क्लीनरच्या तोंडाला जाळी, उंदीर तिथेच घर करतात.