मोठा डायकास्ट संग्रह ऑनलाइन विकायचा असेल तर

पाचशे-सातशे छोट्या डायकास्ट, म्हणजे ओतीव धातूच्या, खेळण्यातल्या गाड्या विकायच्या ठरल्या, की पहिला मोह होतो तो सगळ्यांचा मिळून एक फोटो काढून ‘पूर्ण कलेक्शन विकणे आहे’ अशी जाहिरात टाकण्याचा. तो टाळा. मेसेज भरपूर येतात, पण प्रत्येकाची नजर त्या फोटोतल्या त्याच चार-पाच गाड्यांवर असते. त्या कोणीतरी किरकोळ भावात उचलून नेतो आणि उरलेल्या गाड्यांना मग गिऱ्हाईक मिळत नाही. दुसरं टोक म्हणजे प्रत्येक गाडीची वेगळी जाहिरात. फोटो, चौकशा, घासाघीस, पॅकिंग, कुरिअरची फेरी हे सगळं एका गाडीमागे करायचं तर वर्ष जाईल. संग्रहाचे तीन भाग पाडणं हा मधला मार्ग आहे, आणि विक्रीतला निम्मा पैसा या वाटणीवरच ठरतो.

आधी यादी

गाड्यांना हात लावण्याआधी एक एक्सेल शीट उघडा. रकाने एवढे पुरेत: क्रमांक, कंपनी, मॉडेलचं नाव, तळावरचं वर्ष आणि देश, रंग, चाकांचा प्रकार, स्थिती, दोष, पॅकिंग (मूळ कार्डवर सीलबंद, म्हणजे कार्डेड, की सुटी, म्हणजे लूज), अपेक्षित किंमत आणि कोणत्या खोक्यात ठेवली तो खोका नंबर. शेवटचा रकाना बिनकामाचा वाटतो, पण विकली गेलेली गाडी शोधण्यासाठी बारा खोकी उपसावी लागली की त्याची किंमत कळते. क्रमांकाचं स्टिकर गाडीवर कधीही लावू नका. लूज गाडी झिपलॉक पिशवीत घालून पिशवीवर नंबर लिहा. कार्डेड असेल तर प्रोटेक्टरवर, म्हणजे कार्डाभोवतीच्या पारदर्शक प्लास्टिक कव्हरवर.

आता तळ वाचा. हॉट व्हील्सच्या तळावर © चिन्हापुढे जे वर्ष कोरलेलं असतं, ते त्या साच्याचं असतं. गाडी त्या वर्षी बनली असा त्याचा अर्थ नाही. तळावर १९७९ असलेली गाडी २००५ मध्येही बनलेली असू शकते. ‘४५ वर्षं जुनी, दुर्मीळ’ अशा बहुतेक जाहिराती याच गैरसमजातून येतात आणि जाणकार ग्राहक तिथूनच मागे फिरतो. २००८ पासूनच्या गाड्यांच्या तळावर एक छोटा शिक्का असतो, एक इंग्रजी अक्षर आणि दोन अंक. अक्षरावरून उत्पादनाचं वर्ष कळतं, अंकांवरून आठवडा. तो भिंग लावून टिपून घ्या.

कोणती गाडी दिसली की थांबून नीट बघायचं याची ढोबळ खूण अशी:

– १९६८ ते १९७७ दरम्यानच्या, चाकांवर लाल रेघ असलेल्या हॉट व्हील्स. संग्राहक त्यांना रेडलाइन म्हणतात.
– तळावर ‘मेड इन इंग्लंड’ आणि लेस्ने असं कोरलेल्या मॅचबॉक्स. मॅचबॉक्स बनवणारी लेस्ने कंपनी १९८२ मध्ये बुडाली, त्यामुळे हा शिक्का म्हणजे त्याआधीचा माल. मूळ पुठ्ठ्याचा डबा असेल तर भाव बराच वर जातो. मात्र असे डबे हल्ली नव्याने छापूनही मिळतात, म्हणून डब्याच्या आतल्या घड्यांचाही फोटो द्या.
– लिओ मॅटेलच्या भारतात बनलेल्या हॉट व्हील्स. आपल्याकडे अनेक घरांत त्या माळ्यावर पडून आहेत आणि ‘देशी माल’ म्हणून लोक त्या भंगारात घालतात. यातले काही रंग इतर कुठेच निघाले नाहीत, त्यामुळे परदेशी संग्राहक त्या मुद्दाम शोधतात.
– ट्रेझर हंट, थोडक्यात टीएच. हॉट व्हील्सची ही दुर्मीळ गाड्यांची मालिका १९९५ मध्ये सुरू झाली. नव्या गाड्यांमध्ये साध्या टीएचच्या कार्डवर, गाडीच्या मागे झाकलेल्या भागात, वर्तुळातल्या ज्वाळेचं रुपेरी चिन्ह असतं. सुपरच्या, म्हणजे त्याहून दुर्मीळ टीएचच्या, कार्डवर ते सोनेरी असतं, गाडीवर ‘टीएच’ अक्षरं असतात, रंग झगझगीत धातूसारखा आणि टायर रबराचे असतात.

सुपरच्या बाबतीत ग्राहक हमखास एक फोटो मागतो, तो तळावरच्या रिव्हेटचा, म्हणजे तळ आणि वरचा भाग जोडणाऱ्या खिळ्याचा. साध्या गाडीचा रिव्हेट ड्रिलने कापून, रबरी टायर बसवून, वरून स्टिकर लावून ‘सुपर’ तयार करणारे खूप झाले आहेत. कारखान्यातला रिव्हेट दाबून पसरवलेला, गुळगुळीत कडेचा असतो. तिथे भोक, स्क्रू किंवा गोंदाचा डाग दिसला तर ती गाडी कस्टम, म्हणजे घरी बदल केलेली, म्हणूनच विका.

फेरारी वेगळ्या काढा. हॉट व्हील्सकडचा फेरारीचा परवाना २०१४ च्या अखेरीस संपला होता आणि २०२५ मध्ये त्या परत आल्या. मधल्या दहा वर्षांतले जुने भाव पाहून आजची किंमत ठरवू नका.

पुसा, पण धुऊ नका

लूज गाडीवरची धूळ मऊ ब्रशने काढा. चिकट मळ असेल तर कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून मऊ टूथब्रश फिरवा आणि लगेच सुती कापडाने टिपून घ्या. पाण्यात भिजत घालायचं नाही. चाकांचे आस पोलादाचे असतात, आत पाणी राहिलं की गंजतात आणि चाक अडकतं. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर लावला तर छपाई, म्हणजे टॅम्पो, निघून जाते आणि काचेचं प्लास्टिक कायमचं धुरकट होतं. उडालेल्या रंगावर टचअप करणं हा तर सरळ तोटा: मूळ रंगाची खरचटलेली गाडी नव्याने रंगवलेल्या गाडीपेक्षा जास्त भावाने जाते.

दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या डिंकी या ब्रिटिश ब्रँडच्या गाड्यांवर केसासारख्या भेगा, फुगलेले भाग दिसले तर तो झिंक पेस्ट (इंग्रजीत pest, म्हणजे धातूला लागलेली कीड). ओतकामाच्या मिश्रधातूत शिशाची भेसळ राहिल्याने धातू आतून फुटत जातो. यावर इलाज नाही. फोटोत स्पष्ट दाखवा, हाताळणी कमी करा आणि पुसायच्या भानगडीत पडू नका.

तीन ढीग

पहिला ढीग एकेक विकायच्या गाड्यांचा. शंभरात चार-पाच गाड्याच यात येतील, आणि तसंच असावं. दोनशे रुपयांच्या आतली गाडी एकटी विकू नये. तिच्यामागचा वेळ तिच्या किमतीत बसत नाही.

दुसरा ढीग संचांचा. चार ते सहा गाड्यांचा एक संच, पण त्याला विषय हवा: जपानी गाड्या, पोलीस गाड्या, ट्रक, एकाच साच्याचे वेगवेगळे रंग. संच बनवताना प्रत्येकात एक गाडी अशी ठेवा की तिच्यासाठी माणूस बाकीच्या घेईल. आणि संच फोडायचा नाही. ‘फक्त ती निळी स्कायलाइन द्या, बाकीच्या नकोत’ हा मेसेज येणारच. एकदा दिली की लोणी गेलं, ताक उरलं.

उरलेला सगळा तिसरा ढीग: खेळून झिजलेल्या, काच नसलेल्या, वाकलेल्या आसांच्या. त्या पन्नास-पन्नासच्या लॉटमध्ये जातील.

भाव ठरवताना मागितलेली किंमत बघू नका, मिळालेली बघा. ईबेवर शोधताना ‘सोल्ड आयटम्स’ची खूण केली की प्रत्यक्षात झालेले सौदे दिसतात. फेसबुकच्या ग्रुपांवर जुन्या पोस्टच्या कमेंटमध्ये ‘बुक’, म्हणजे ‘ही मी घेतली’, कोणत्या आकड्यावर पडलं ते पाहा. डॉलरमधला भाव रुपयांत बदलून जसाच्या तसा लावणं ही नेहमीची चूक; तिथली मागणी आणि इथली मागणी वेगळी असते. अमेरिकेत टोपलीत पडून असलेली गाडी इथे पोहोचलेलीच नसते, आणि उलटंही घडतं.

फोटो

कॅमेरा लागत नाही, खिडकी लागते. सकाळी दहाच्या सुमारास, थेट ऊन न येणाऱ्या खिडकीजवळ टेबल ठेवा, पांढरा कार्डशीट वळवून मागे उभा करा. फ्लॅश आणि ट्यूब दोन्ही बंद. गाडीच्या उंचीवर फोन आणून पुढून तिरका, बाजूचा, मागचा आणि तळाचा असे चार फोटो. त्यानंतर प्रत्येक दोषाचा जवळून एक. कार्डेड गाडीच्या ब्लिस्टरवर, म्हणजे गाडीवरच्या पारदर्शक प्लास्टिकवर, चकाकी येते, म्हणून कार्ड खिडकीकडे किंचित तिरपं करा. कार्डचे चारही कोपरे, मागची बाजू आणि ब्लिस्टर कार्डाला जिथे चिकटतो ती कड दाखवा. कोकणात, मुंबईत एक-दोन पावसाळे काढलेली कार्डं वाकतात आणि ही कड सुटायला लागते. ग्राहकाला ते पार्सल उघडल्यावर कळलं तर भांडण ठरलेलं.

पहिल्या ढिगातल्या प्रत्येक गाडीशेजारी आपलं नाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून एक फोटो काढा. ग्रुपवाले त्याला टाइमस्टँप म्हणतात. गाडी खरोखर तुमच्याच हातात आहे याचा तो पुरावा.

कुठे टाकायच्या आणि पैसे कसे घ्यायचे

एकेक गाड्या आणि संच फेसबुकवरच्या डायकास्ट ग्रुपांत, इन्स्टाग्रामवर आणि संग्राहकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांत चांगले जातात. ओएलएक्सवर मोठे लॉट टाका. तिथले गिऱ्हाईक बहुधा पालक किंवा फेरविक्रेते असतात आणि शहरातल्या शहरात येऊन घेऊन जातात, पॅकिंग वाचतं. सगळं एकाच दिवशी टाकू नका. रविवारी संध्याकाळी आठ-दहा पोस्ट, त्या निघाल्या की पुढच्या. पोस्टमध्येच नियम लिहा: पहिला ‘बुक’ लिहील त्याची, चोवीस तासांत पैसे, शिपिंग वेगळं.

पैसे आधी, पार्सल नंतर. स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. आपल्या बँकेच्या ॲपमध्ये रक्कम दिसल्याशिवाय हलायचं नाही. पैसे घेण्यासाठी क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिनही टाकावा लागत नाही. ‘मी लष्करात आहे, माझा माणूस पार्सल न्यायला येईल, तुम्ही फक्त हा कोड स्कॅन करा’ ही जुनी युक्ती अजून चालते. फसलात तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा, जितका उशीर तितकी रक्कम परत मिळण्याची शक्यता कमी.

घरातला जुना संग्रह विकणं आणि दुकानातून नव्या गाड्या उचलून चढ्या भावाने विकणं या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी नियमित करत असाल तर तो व्यवसाय झाला, आणि ते उत्पन्न प्राप्तिकर विवरणपत्रात दाखवावं लागतं.

पॅकिंग

तक्रारी सर्वांत जास्त इथूनच येतात. लूज गाडी आधी टिश्यूत गुंडाळा, मग बबल रॅप, त्याचे फुगे बाहेरच्या बाजूला. फुगे थेट रंगाला टेकले तर उन्हाळ्यात ट्रकमध्ये तापल्यावर जुन्या रंगावर गोल वण उमटतात. टेप रंगाला लागता कामा नये. प्रत्येक गाडी वेगळी गुंडाळायची. दोन गाड्या एकमेकींवर आपटल्या की बंपरचा रंग पहिला उडतो.

कार्डेड गाड्या प्रोटेक्टरमध्ये घालून, दोन-दोन समोरासमोर उलटसुलट लावून खोक्यात उभ्या ठेवा. आडव्या रचल्या तर खालचा ब्लिस्टर चेपतो. सगळं एका प्लास्टिक पिशवीत बंद करा, कारण पावसाळ्यात खोकं ओलं होणारच असं धरून चालायचं. दहा गाड्यांपर्यंत तीन पदरी खोकं चालतं, त्यावर पाच पदरी घ्या. बंद करून हलवून बघा. आत काही सरकल्याचा आवाज आला तर पुन्हा उघडा आणि कागद भरा.

वजनाचा हिशेब मात्र फसवा आहे. लूज गाडी साधारण ३० ते ४५ ग्रॅमची, त्यामुळे शंभर गाड्यांचं पार्सल चार-पाच किलोंचं आणि आकाराने लहान. कार्डेड माल हलका पण जागा खाणारा. बरीच खासगी कुरिअर लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात आणि जे वजन जास्त ते लावतात. ४० × ३० × २५ च्या खोक्यात तीस कार्डेड गाड्या बसतात, प्रत्यक्ष वजन दोन किलोंच्या आसपास, पण आकारणी सहा किलोंची. म्हणून कार्डेड संचाचा भाव सांगण्याआधी रिकामं खोकं मोजा, आणि स्पीड पोस्टचा दरही काढून बघा.

पॅक करताना सुरुवातीपासून टेप लावेपर्यंतचा व्हिडिओ काढा, गाडीचे दोष त्यात दिसू द्या. ग्राहकाला आधीच सांगा की न कापलेला उघडतानाचा व्हिडिओ नसेल तर तुटफुटीची तक्रार घेणार नाही. खोक्याचा फोटो आणि ट्रॅकिंग नंबर त्याच दिवशी पाठवा.

परदेशी ग्राहक

लिओ मॅटेल किंवा जुन्या मॅचबॉक्ससाठी ते मिळतात. टपालाने पाठवताना सीमाशुल्काचा सीएन २२ किंवा सीएन २३ फॉर्म लागतो. खेळण्यांचा एचएस क्रमांक, म्हणजे सीमाशुल्कासाठीचा मालाचा वर्गीकरण क्रमांक, ९५०३ पासून सुरू होतो. किंमत खरी लिहा. ‘गिफ्ट लिहा, दहा डॉलर दाखवा’ असं ग्राहक म्हणेल, पण पार्सल हरवलं तर भरपाई त्याच दहा डॉलरांची. अमेरिकेत २९ ऑगस्ट २०२५ पासून ८०० डॉलरखालच्या पार्सलांची करमाफी संपली आहे, तेव्हा तिथला कर कोण भरणार हे सौद्यातच ठरवून घ्या. पेपाल भारतात देशांतर्गत व्यवहारांसाठी एप्रिल २०२१ पासून बंद आहे, परदेशातून पैसे घेण्यासाठी चालतं. दोन-चार पार्सलांपुढे जाऊन हे व्यापारी प्रमाणात करायचं असेल तर आयातदार-निर्यातदार क्रमांक आधी काढा.

गाळ

शेवटी खाली काही मोडक्या गाड्या उरतात. त्या फेकू नका. रंगकाम आणि बदल करणारे कस्टमायझर त्या घेतात. त्यांना चाकं, तळ, आतल्या सीट हवे असतात, वरचा रंग तसाही ते काढूनच टाकतात. रबरी टायरवाल्या वेगळ्या करा, कारण चाकांच्या एका जोडासाठीही मोडकी गाडी विकली जाते. उरलेल्यांचा किलोवर भाव सांगा आणि फोटोत वजनकाट्यावरचा आकडा दिसू द्या.