‘मेक एंड्स मीट’: बे छेडा इंग्रजीत कसे जुळवायचे

बडोद्यातल्या मराठी माणसाला हा वाक्प्रचार अर्ध्याहून अधिक आधीच येत असतो. शेजारचे गुजराती ‘बे छेडा मांड भेगा थाय छे’ (दोन टोकं जेमतेम जुळतात) म्हणतात, आपण जमाखर्चाची तोंडमिळवणी करतो. इंग्रजीतही तीच दोन टोकं, एक मिळकतीचं आणि एक खर्चाचं. घोळ होतो तो वाक्यात बसवताना.

रावपुऱ्यात भाड्याने राहणारं एक घर धरा. पगार २२,०००. भाडं ७,५००, किराणा-दूध ८,०००, शाळेची फी आणि रिक्षा ४,०००, वीज-गॅस २,५००. हातात शून्य उरलं, पण उधारीही नाही. इथे ‘दे जस्ट मेक एंड्स मीट’. फी ५०० रुपयांनी वाढली की लगेच ‘दे कान्ट मेक एंड्स मीट’. म्हणजे प्रश्न रोजच्या भागवण्याचा हवा. नवा फ्रिज परवडत नाही एवढ्यासाठी हा वाक्प्रचार नको, तिथे ‘कान्ट अफोर्ड’ पुरतं. दरमहा चार पैसे शिल्लक पडत असतील तरीही नको.

आता चुका. गुजरातीतले ‘बे’ डोक्यात असतात, म्हणून ‘मेक टू एंड्स मीट’ लिहिलं जातं. हा आकड्याचा ‘टू’ (two) चालत नाही. ‘बोथ एंड्स’ चालतं, पण ते जरा जुन्या वळणाचं. ‘एंड्स’ कायम अनेकवचनी. ‘मेक’नंतर येणारं क्रियापद दुसऱ्या ‘टू’शिवाय (to) येतं, त्यामुळे ‘मेक एंड्स टू मीट’ चूक. भूतकाळात फक्त ‘मेक’ बदलतं: ‘मेड एंड्स मीट’. ‘मेड एंड्स मेट’ असं दोन्हीकडे भूतकाळ लावणारे बरेच भेटतात! ‘मीट’च्या स्पेलिंगमध्ये दोन ‘ई’. ‘ईए’ लिहिलंत तर मटण होईल.

पगार सांगायचा तर ‘ऑन’ लावा: ‘इट्स हार्ड टू मेक एंड्स मीट ऑन वन सॅलरी.’ जोडधंदा सांगायचा तर ‘टू’ (to) वाक्प्रचाराच्या सुरुवातीला येतो: ‘शी गिव्ज ट्यूशन टू मेक एंड्स मीट.’ फी-माफीच्या अर्जातही हा वाक्प्रचार शोभतो, फक्त त्याच्या पुढच्याच ओळीत आकडे द्या.

मराठीत आणताना ‘टोकं जुळवतो’ नको. ‘कसंबसं भागवतो’, ‘महिना काढतो’ म्हणा. ‘हातातोंडाची गाठ’ याहून बिकट, तिथे जेवणाचीच पंचाईत असते. आणि ‘हातावर पोट’ म्हणजे रोज कमवायचं, रोज खायचं. त्याला इंग्रजीत ‘लिव्ह फ्रॉम हॅण्ड टू माउथ’ जवळचं.