बाइकच्या पुढच्या चाकाची घरघर: बेअरिंग की ब्रेक?

पुढच्या चाकातून घरघर येऊ लागली की पहिला संशय ब्रेक शूवर, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्यांवर जातो. शू बदलले जातात, पैसे जातात, आवाज मात्र तसाच राहतो. म्हणून काहीही विकत आणण्याआधी चाक हातानं तपासा. इथं शंभर-सव्वाशे सीसीची, ड्रम ब्रेकची बाइक धरली आहे.

गाडी सेंटर स्टँडवर लावा आणि कुणाला तरी मागून सीट दाबून धरायला सांगा, म्हणजे पुढचं चाक अधांतरी होईल. एका हातानं फोर्क घट्ट धरा, दुसऱ्यानं टायर डावीकडे-उजवीकडे हलवा. फोर्क जागेवर असताना चाक खटखट हललं, तर बेअरिंग गेलं. फोर्क आणि चाक मिळून पुढे-मागे हलत असतील, तर दोष कोन सेटचा, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगचा. मग चाक फिरवून फोर्कच्या खालच्या टोकाला बोटं लावा. बारीक खरखर जाणवली तर तीही बेअरिंगचीच. आवाज फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल, तरच ब्रेककडे वळा.

ब्रेक पूर्ण दाबून ब्रेक प्लेटवरचा, म्हणजे ड्रमच्या झाकणावरचा बाण पाहा. तो खुणेला टेकला असेल तर शू संपले. केबल कितीही ताणली तरी उपयोग नाही.

चाक काढताना आधी स्पीडोमीटरची आणि ब्रेकची केबल सोडवा, मग नट आणि एक्सल. ड्रममधली धूळ फुंकू नका. जुन्या शूमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून मास्क लावून ओल्या फडक्यानं पुसा. ड्रमला खोल चरे पडले असतील किंवा आतला व्यास ड्रमवर कोरलेल्या कमाल मापापुढे गेला असेल, तर नवे शू घालून काही साधणार नाही.

आता बेअरिंग. ऑइल सील, म्हणजे बेअरिंगवरची रबरी कडी, उचकटून काढा. आतून लांब पंच लावून, दोन बेअरिंगांमधली नळी, म्हणजे स्पेसर, थोडा सरकवून, बेअरिंगच्या कडेवर आळीपाळीनं ठोका. एकाच बाजूला ठोकत राहिलात तर ते तिरकं अडकतं. नंबर बेअरिंगवरच असतो. उदाहरणार्थ, 6301 म्हणजे आतला व्यास 12, बाहेरचा 37 आणि जाडी 12 मिलिमीटर. पुढे 2RS असेल तर दोन्ही बाजूंना रबरी सील. आपल्या पावसाला तेच घ्या.

नवं बेअरिंग बसवताना फक्त बाहेरच्या कड्यावर ठोका, त्याच मापाचा सॉकेट ठेवून. आतल्या कड्यावर घाव बसला तर नवं बेअरिंग तिथंच खराब होतं. एक बाजू पूर्ण बसवा, स्पेसर घाला, मग दुसरी. स्पेसर विसरलात तर एक्सल आवळताच आतली कडी दाबली जाऊन बेअरिंग जाम होतं. ऑइल सील नवंच घाला. पाणी आत शिरतं ते तिथूनच, आणि सर्व्हिसिंगला हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) जोरात मारलेला पाण्याचा फवारा त्याला मदतच करतो.

ब्रेक कॅमला (शू फाकवणाऱ्या दांड्याला) ग्रीस अगदी पातळ लावा. शूच्या लायनिंगला, म्हणजे घासणाऱ्या थराला, एक थेंबही लागता कामा नये. नट पूर्ण आवळण्याआधी ब्रेक दाबून धरा, म्हणजे शू ड्रमच्या मध्यावर येतात. एप्रिल 2019 नंतरच्या 125 सीसीपर्यंतच्या गाड्यांत दोन्ही ब्रेक जोडलेले असतात, त्यामुळे केबल मॅन्युअलमधल्या क्रमानंच लावा.

रिकाम्या रस्त्यावर हळू चालवा, ब्रेक जपून दाबा. नवे शू ड्रमला नीट बसेपर्यंत पकड कमीच लागते. चक्कर मारून आल्यावर हबला हलका हात लावून बघा. ब्रेक फारसा न वापरताही तो चटका देत असेल, तर शू घासत आहेत. केबल थोडी सैल करा.