पीयूसीला (अकरावी-बारावीला) बायोलॉजी घेताय? गणित सोडू नका

एसएसएलसीचा, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीचा, निकाल लागला की बेळगावजवळच्या येळ्ळूर, खानापूरकडची पोरं आईवडिलांना घेऊन माझ्याकडे येतात. मी इथल्या मराठी शाळेत विज्ञान शिकवते. प्रश्न ठरलेला, "बाई, डॉक्टर व्हायचंय, मग गणित कशाला?"

नीटला, म्हणजे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेला, गणिताचा पेपर नसतो, हे खरं. पण १८० प्रश्नांतले ९० बायोलॉजीचे, उरलेले फिजिक्स-केमिस्ट्रीचे. आकडेमोड कच्ची असली की पोरं तिथंच अडतात. शिवाय धारवाडच्या कृषी विद्यापीठात बीएस्सी अ‍ॅग्रीला जायचं तर सीईटीला, म्हणजे राज्याच्या प्रवेशपरीक्षेला, गणितासकट चारही विषय लागतात. शेतकऱ्याच्या पोरानं ही वाट दहावीनंतरच का बंद करावी? पीसीएमबीच घ्या, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, गणित आणि बायोलॉजी.

कॉलेजची इमारत बघून भुलू नका, लॅब बघा. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, तिन्हींत प्रॅक्टिकलला ३० मार्क असतात. सेकंड इयरच्या एखाद्या मुलीची रेकॉर्ड बुक मागा आणि कांद्याच्या पापुद्र्याची आकृती उघडून बघा. सगळ्या पेशी पट्टीनं आखल्यासारख्या एकाच मापाच्या असतील, तर ती आकृती पुस्तकावरून उतरवलेली आहे. खऱ्या स्लाइडमध्ये एखादी पेशी लांबट, एखादी आखूड दिसते, केंद्रक बहुधा कडेला सरकलेलं असतं, मध्येच हवेचा बुडबुडाही येतो. असं बघून काढलेलं दिसलं, तर त्या कॉलेजात शिकवतात म्हणायचं.

मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजीची धास्ती असते, आणि ती खोटी नाही. सुट्टीतच अकरावीचं एनसीईआरटीचं बायोलॉजी आणा. पीयूला तेच, नीटलाही तेच. पेशीचा धडा रोज एक पान मोठ्यानं वाचा, आकृतीला नावं इंग्रजीत द्या. पाठांतर नको. नीटची मराठी प्रश्नपत्रिका फक्त महाराष्ट्रातल्या केंद्रांवर मिळते. पण दोन वर्षं इंग्रजीत शिकल्यावर पेपर मराठीत घेऊ नका, ऐन वेळी गोंधळ होतो. भाषा विषय म्हणून मराठी मात्र जरूर घ्या. ती मिळते का, ते फॉर्म भरण्याआधीच विचारा.

आणि मेडिकल हुकलं म्हणून घरात सुतक धरू नका. आपल्या भीमगड अभयारण्यातल्या बारापेडे गुहांत राहणारं रॉटनचं वटवाघूळ जगात फार थोड्या ठिकाणी सापडतं. त्याचा अभ्यास करायला झूऑलॉजीवालेच लागतात. राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या कॉलेजांत बीएस्सीला तो विषय आहे. जोडीला केमिस्ट्री ठेवा, पुढं एमएस्सीला बायोकेमिस्ट्रीकडेही वळता येईल.