‘पामेला’ वाचताना शेजारी हिशेबाची वही ठेवा

माझी आई चार घरची धुणीभांडी करायची. एका दिवाळीला मालकिणीने तिला आपली वापरलेली जरीची साडी दिली आणि त्या महिन्याच्या पगारातून पन्नास रुपये कापले. साडी बक्षीस होती की पगार, हे कोडं आईला शेवटपर्यंत सुटलं नाही. पुढे कॉलेजात सॅम्युअल रिचर्डसनची ‘पामेला’ शिकवायला लागले, तेव्हा मला सारखी तीच साडी आठवायची. म्हणून सांगते, १७४० सालची ही इंग्रजी कादंबरी वाचायला घेताना शेजारी एक वही ठेवा. तीन रकाने आखा: काय दिलं, कोणी दिलं, बदल्यात काय हवंय. तिसरा रकाना पेन्सिलीने भरा, तो सारखा खोडावा लागतो.

ही कादंबरी पामेलाच्या पत्रांतून उलगडते, आणि पहिली नोंद पहिल्याच पत्रात सापडते. पामेला पंधरा वर्षांची मोलकरीण. मालकीण वारते आणि तिच्या खिशातल्या चार गिनी, म्हणजे सोन्याची नाणी, तिचा मुलगा, मिस्टर बी, पामेलाच्या हातावर ठेवतो. पोर त्या हरखून आईबापांना पाठवते. ती माणसं गरीब, तरी गिनीला हात लावत नाहीत. चिंधीत गुंडाळून धुराड्यावरच्या शाकारात खोचून ठेवतात. घाईने पुढे जाऊ नका. तिसऱ्या रकान्यात काय आहे ते त्यांना मुलीच्या आधी कळलंय.

मग कपडे येतात: रेशमी मोजे, लेस, मालकिणीचे झगे. प्रत्येक वस्तू लिहा, कंटाळा आला तरी. कारण घर सोडायची वेळ येते तेव्हा पामेला स्वतःच हा हिशेब करते. तीन गाठोडी बांधते: एक थोरल्या बाईंनी दिलेल्याचं, एक साहेबाने दिलेल्याचं आणि एक तिचं स्वतःचं, जाड्याभरड्या कपड्यांचं. तिसरं तेवढं उचलते. वर घरकारभारीण मिसेस जर्विसला विचारते, बाई गेल्यावर मी इतके महिने काम केलं, त्यात त्या चार गिनी फिटल्या ना? हे वाक्य वर्गात वाचताना माझा आवाज आजही जड होतो. पामेलाचं शील जपणं हा ढोंगी डाव आहे, असं म्हणणारे तेव्हाही होते. हेन्री फील्डिंगने १७४१ मध्ये ‘शमेला’ लिहून तिची टर उडवली. ते नंतर वाचा. आधी गाठोडी मोजा.

पुढे पामेलाला लिंकनशरच्या वाड्यात कोंडून ठेवल्यावर मिस्टर बी तिला रखेल म्हणून ठेवायचा लेखी करारच पाठवतो: ५०० गिनी, केंटमधली वर्षाला २५० पौंड उत्पन्नाची जमीन, अंगठ्या. त्यात लग्न नाही. ही नोंद शाईने करा. मिस्टर बी खोटं लग्न लावून फसवेल, ही पामेलाची भीतीही गंभीरपणे घ्या. चोरून लागणाऱ्या लग्नांना आळा घालणारा कायदा इंग्लंडात १७५३ साली झाला, म्हणजे पामेलानंतर.

दोघांचं खरं लग्न लागल्यावर माझ्या वर्गातल्या मुली वही मिटतात. मिटू देऊ नका. तेव्हाच्या कायद्याने बायकोची चीजवस्तू नवऱ्याची, त्यामुळे ‘कोणी दिलं’ या रकान्यात आता एकच नाव उरतं. नणंद लेडी डेव्हर्स मोलकरणीला वहिनी म्हणायला तयार नसते. मी घोडे सांभाळणाऱ्या सइसाशी लग्न केलं असतं तर, असं ती भावाला विचारते. त्याचं उत्तर शब्दशः उतरवून घ्या: पुरुष ज्या बाईशी लग्न करतो तिला आपल्या पायरीवर चढवतो, बाई मात्र हलक्या कुळातल्या नवऱ्याच्या पायरीवर उतरते. माझ्या मते अख्ख्या कादंबरीचा पाया या उत्तरात उघडा पडलाय.

शेवटचं पान सॅली गॉडफ्रीसाठी राखा. ती चांगल्या घरातली. मिस्टर बीपासून तिला मुलगी झाली, आणि मुलीला मागे ठेवून ती जमैकाला निघून गेली. तिचं नाव लिहा आणि तिन्ही रकाने स्वतः भरून बघा.