बजेटमध्ये बायकांसाठी किती पैसे ठेवलेत ते स्वतः कसं बघायचं

केंद्राचं महिला व बाल विकास मंत्रालय 2006 पासून स्वतंत्र आहे, पण बायकांसाठीचा पैसा फक्त तिथेच नसतो हो, तो सगळ्या खात्यांत विखुरलेला असतो आणि तो एकत्र दाखवणारा जेंडर बजेटचा तक्ता 2005-06 पासून दरवर्षी येतो.

इंडियाबजेट डॉट गव्ह डॉट इन वर जा, एक्स्पेंडिचर प्रोफाइल (बजेटमधला खर्चाचा तपशील) उघडा, त्यात स्टेटमेंट 13 शोधा. भाग अ म्हणजे 100 टक्के बायकांसाठीच्या योजना, भाग ब म्हणजे 30 ते 99 टक्के, आणि 30 च्या खालचा भाग क 2024-25 ला आला. आता नीट बघा, भाग अ मध्ये ग्रामीण घरकुल योजनेची मोठी रक्कम असते, म्हणून नुसती वरची बेरीज बघून खूश होऊ नका, ती रक्कम बाजूला काढून उरतं किती ते बघा, माझ्या मते खरं चित्र तिथेच दिसतं. मग एकाच वर्षाचा सुरुवातीचा अंदाज आणि सुधारित अंदाज शेजारी ठेवा, आकडा कुठे घटला ते लगेच कळतं.

एखाद्या योजनेचा खर्च समजला नाही तर सरळ त्या मंत्रालयाला आरटीआय (माहिती अधिकाराचा अर्ज) टाका, फी 10 रुपये, उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं. प्रश्न मात्र एकाच योजनेचा, एकाच वर्षाचा विचारा.